वडिलांचं युद्ध आणि तुमचा वाटा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३२ वर्षांच्या आहेत आणि माहितीपट करतात. त्यांचे वडील ९ वर्षांचे असताना युद्ध पेटलं आणि आईचं बोट धरून त्यांनी देश सोडला. घरातले बाकीचे मागे राहिले, त्यांतले काही पुन्हा कधीच भेटले नाहीत. (देशाचं नाव पत्रात आहे, पण तिकडे अजून नातेवाईक राहतात म्हणून ते इथे दिलेलं नाही.) पत्रलेखिकेचा जन्म इकडचा. वडिलांची भाषा त्यांना अर्धीमुर्धी समजते, विचार त्या मराठीत करतात. वडिलांवरचा त्यांचा २४ मिनिटांचा पहिला माहितीपट काही महोत्सवांत दाखवला गेला. आता एक निर्माता पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पैसे लावायला तयार आहे. त्याची अट अशी की वडिलांना त्या जुन्या घरी परत न्यायचं आणि तो क्षण कॅमेऱ्यात पकडायचा. वडील म्हणतात, "पुरे आता." त्यांच्याशी पूर्वी झालेल्या बोलण्याचं ११ तासांचं रेकॉर्डिंग लेखिकेकडे पडून आहे. त्यातच ८ भागांच्या एका प्रेमकथेच्या मालिकेतले ३ भाग दिग्दर्शित करायचं काम चालून आलंय. त्या विचारतात: "बाबा नको म्हणत असताना हा चित्रपट केला तर चूक होईल का? नाही केला तर ऋण फेडायचं राहून जाईल. युद्ध मी पाहिलेलंच नाही, मग ते सांगायचा मला हक्क काय? आणि मालिका घेतली तर मी स्वतःला विकलं असं होईल का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात 'ऋण' हा शब्द पाच वेळा आलाय. बाबांचं ऋण, आजीचं ऋण, जे निघू शकले नाहीत त्यांचं ऋण. मी तिथूनच सुरुवात करते, कारण हक्काचा प्रश्न, मालिकेचा प्रश्न, बाबांच्या नकाराचा प्रश्न, सगळे त्या एका शब्दाला बांधलेले आहेत.

ऋण म्हटलं की घाई आली. फेडणाऱ्याला डोक्यावरचं ओझं उतरवायचं असतं. समोरच्याला ते परत हवंय का, आणि हवं असलं तरी याच रूपात हवंय का, हे विचारायचं त्याला सुचत नाही. बाबांनी तुमच्याकडे चित्रपट मागितलाय का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. उलट तुम्हीच लिहिलंय की लहानपणी तिकडचं काही विचारलं की ते म्हणायचे, "तू अभ्यास कर." तुम्ही त्याला टाळणं म्हणता. मला तसं वाटत नाही. नवव्या वर्षी ज्याची शाळा सुटली तो बाप मुलीला अभ्यास कर म्हणतो, तेव्हा त्याला तिच्याकडून काय हवंय ते त्यानं सांगितलेलं असतं. तुम्ही शिकलात, आपल्या कामानं उभ्या राहिलात. हिशेबच मांडायचा तर त्यातलं बरंचसं फिटलेलं आहे.

म्हणून शब्द बदलून पाहा. ऋणाऐवजी वाटा म्हणा. या गोष्टीत बाबांचा वाटा कोणता, आणि तुमचा कोणता?

तुम्ही पाठवलेला २४ मिनिटांचा माहितीपट मी पाहिला. मी आयुष्यातली २१ वर्षं संकलनाच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे एखादा शॉट आवडला की मी तो मागे घेऊन पुन्हा पाहते, सवयच आहे. तुमचा एक शॉट मी सहा वेळा पाहिला. रात्र आहे, घरातले दिवे मालवलेत. बाबा दाराजवळच्या खुंटीवरची कागदपत्रांची निळी पिशवी खाली घेतात. चेन उघडतात, आतला एकेक कागद बोटानं चाचपतात, काढत मात्र एकही नाहीत. चेन लावतात. दोन पावलं जातात, परत येतात, चेन पुन्हा अर्धी उघडून पुन्हा लावतात. मग पिशवी खुंटीवर, आणि पट्टा बाहेरच्या बाजूला, घाईत हाताला लागेल असा. या सगळ्यात एक शब्द नाही. आणि कॅमेरा खोलीच्या दारात, कमरेच्या उंचीवर आहे. तुम्ही तो मुद्दाम तिथे लावला की तिपाई तेवढीच होती, मला माहीत नाही. पण ती उंची आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांची आहे. झोपायच्या वेळी उठून आलेली, वडील हे काय करतात ते रोज बघणारी आणि काही न विचारणारी मुलगी.

तो तुमचा वाटा. ती रात्र, तो रस्ता, आजीचा हात, मागे राहिलेलं घर हे सगळं बाबांचं. पण ज्या घरात कागदांची पिशवी चाळीस-पन्नास वर्षं दाराशी तयार असते, त्या घरात वाढणं हे तुमचं आहे. ते तुम्ही पाहिलंय, रोज पाहिलंय, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीचा कागद लागत नाही. "मी युद्ध पाहिलेलं नाही" हे तुमचं वाक्य मला म्हणूनच अपुरं वाटतं. युद्ध संपल्यावर घरात जे उरतं ते तुम्ही पाहिलंय, आणि ते दाखवणारे चित्रपट तुलनेनं कमीच आहेत.

मरिअन हिर्श या अभ्यासक बाईंनी यासाठी 'पोस्टमेमरी' हा शब्द रूढ केला. ज्यांनी घटना भोगली नाही, पण भोगलेल्यांच्या घरात जे वाढले, त्यांच्याकडे गोष्टींतून, फोटोंतून आणि घरातल्या सवयींतून जी स्मृती येते, ती. शब्द जड आहे, पण निधीसाठीच्या तुमच्या अर्जांमध्ये उपयोगी पडेल. तुम्ही काय करताय ते परीक्षकांना एका ओळीत कळतं.

आता बाबांच्या नकाराकडे येते. इथे मी तुम्हाला स्पष्टच सांगणार आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट झालेली आहे.

मी २८ वर्षांची असताना विस्थापितांवरच्या एका माहितीपटाचं संकलन करत होते. त्यात एका म्हाताऱ्या बाईंची मुलाखत होती. बोलता बोलता त्या धाकट्या बहिणीबद्दल एक वाक्य बोलून गेल्या. मुलाखत संपल्यावर, कॅमेरा चालू असतानाच, म्हणाल्या, "ते बहिणीचं काढून टाका बरं का." ही विनंती फुटेजमध्ये होती, मी ती ऐकली होती. दिग्दर्शक म्हणाले, सगळ्या चित्रपटाचा जीव त्या वाक्यात आहे. मलाही तसंच वाटलं. आम्ही वाक्य ठेवलं आणि विनंती कापली. चित्रपटाचं कौतुक झालं. पुढे त्याच वस्तीत, शाळेच्या हॉलमध्ये, खेळ ठेवला होता. बाई दुसऱ्या रांगेत होत्या. ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. वाकून खुर्चीखाली चपला शोधू लागल्या. अंधारात त्यांना त्या सापडेनात. मी मागच्या रांगेत होते, आणि त्यांचा हात फरशीवर फिरत होता तो मला दिसत होता. त्या अनवाणीच बाहेर गेल्या.

त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही. संमतीपत्रावर त्यांची सही होती, कायद्यानं आमचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे: संमती ही एकदा घेऊन कपाटात ठेवायची वस्तू नाही. बाबांनी त्या ११ तासांना होकार दिला तो २४ मिनिटांच्या छोट्या चित्रपटासाठी. मोठ्या पडद्यासाठी, परक्या निर्मात्यासाठी, तिकडच्या नातेवाइकांच्या नजरेला पडेल अशा चित्रपटासाठी तो होकार नव्हता. ते रेकॉर्डिंग तुमच्या हार्ड डिस्कवर आहे म्हणून तुमचं होत नाही.

याच्या उलट बाजूनं एक उदाहरण नेहमी दिलं जातं, तुम्हालाही कोणीतरी देईल. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा क्लोद लान्झमान यांचा १९८५ चा माहितीपट 'शोआ' साडेनऊ तासांचा आहे आणि त्यात जुनं फुटेज अजिबात नाही, आहे ती माणसांची साक्ष. त्यात छळछावणीत बायकांचे केस कापायला लावलेला एक न्हावी बोलता बोलता अडतो. मला पुढे सांगायला लावू नका, म्हणतो. दिग्दर्शक म्हणतात, आपल्याला हे करावंच लागेल. बराच वेळ शांतता, आणि मग तो बोलतो. त्या प्रसंगाबद्दल माझं मत अनेकदा बदललंय. कधी वाटतं, ती साक्ष जगाला हवीच होती. कधी वाटतं, हे फार झालं. पण तुमच्या बाबतीत माझ्या मनात गोंधळ नाही. त्या न्हाव्याला मुलाखतीनंतर आपल्या घरी जाता आलं. तुमचे बाबा मुलाखतीनंतर ज्या घरी जातील तिथे मुलाखत घेणारीच राहते. रात्री पाणी प्यायला उठले तर समोर तुम्हीच. मुलगी हे त्यांचं विसाव्याचं ठिकाण असेल, तर ते साक्षीच्या पिंजऱ्यात बदलू नका.

"पुरे आता" याचा अर्थ मात्र नीट विचारून घ्या. कॅमेरा पुरे, की प्रश्न पुरे? तिकडे जाणं नको, की तिकडे जाताना सोबत चार अनोळखी माणसं नकोत? चेहरा दिसायला नको, की एखाद्या नातेवाइकाचं नाव यायला नको? हे प्रश्न कॅमेरा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून विचारा. उत्तर "काहीच नको" असं आलं, तर तेही उत्तर आहे, आणि ते पाळायचं. पण कित्येकदा नकाराच्या आत एक नेमकी भीती असते आणि तिच्यावर उपाय असतो. 'फ्ली' हा २०२१ चा डॅनिश चित्रपट आठवून पाहा. दिग्दर्शक योनास पोहेर रासमुसेन यांनी किशोरवयापासूनच्या आपल्या मित्राची, अफगाणिस्तानातून पळून आलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. मित्राला ओळख उघड करायची नव्हती. मग जवळपास सगळं ॲनिमेशनमध्ये केलं, नाव बदललं, आवाज तेवढा त्याचा ठेवला. ऑस्करला तो ॲनिमेशन, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तीन गटांत नामांकित झाला. मित्राच्या अडचणीतूनच त्या चित्रपटाला रूप मिळालं. तुम्हीही ॲनिमेशन करा असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की बाबांची अट ऐकल्याशिवाय "चित्रपट होणार नाही" असं ठरवू नका.

बाबांनी पुढे होकार दिलाच, तर तो तीन वेळा घ्या. चित्रीकरणाआधी एकदा, रफ कट (संकलनाचा कच्चा मसुदा) दाखवून एकदा, आणि प्रदर्शनाआधी एकदा. अंतिम कट लॉक होईपर्यंत काहीही काढायला सांगता येईल हे लिहून द्या, वडील असले तरी लिहूनच द्या. रफ कट तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणा विश्वासू माणसासोबत त्यांना पाहू द्या. मुलीच्या तोंडावर "हे काढ" म्हणणं बापाला जड जातं. हे सगळं परक्या माणसांच्या बाबतीतही करायचंच असतं. तिकडे राहणाऱ्यांची नावं, घराचा पत्ता, गल्लीतली ओळखू येणारी कमान, या प्रत्येकाचा वेगळा विचार करा. आज सुरक्षित वाटणारा देश दहा वर्षांनी तसाच असेल असं नाही, आणि इंटरनेटवर गेलेला चित्रपट परत घेता येत नाही.

निर्मात्याबद्दल. तो वाईट माणूस आहे असं मला पत्रावरून वाटलं नाही. पैसा त्याचा अडकणार आहे आणि विकलं काय जातं ते त्याला ठाऊक आहे. पण "जुन्या घराच्या उंबऱ्यावर वडील कोसळले पाहिजेत" ही त्यानं आधीच लिहून ठेवलेली पटकथा आहे. बाबा तिथे जाऊन रडले नाहीत तर? घराचे आताचे मालक चांगले निघाले आणि बाबा त्यांच्या मुलाशी क्रिकेट नाहीतर हवापाण्याच्या गप्पा मारत बसले तर? तो खरा प्रसंग असेल आणि निर्मात्याच्या लेखी तो दिवस फुकट गेलेला असेल. विस्थापित माणसानं कसं दिसावं याची एक ठरीव अपेक्षा बाजारात असते. पॅलेस्टिनी दिग्दर्शक एलिया सुलेमान यांनी २०१९ च्या 'इट मस्ट बी हेवन'मध्ये स्वतःचीच भूमिका केली आहे. त्यात ते पॅरिसमधल्या एका निर्मात्याकडे जातात, आणि तो निर्माता अत्यंत सभ्यपणे सांगतो की तुमचा चित्रपट पुरेसा पॅलेस्टिनी नाही. तेव्हा ही अडचण तुमच्या एकटीची नाही, नावाजलेल्यांचीही तीच आहे.

त्याला नाही म्हणायची घाई करू नका, पण करारावर सही करायचीही नको. आधी त्याला दोन पानांचं टिपण द्या, ज्याच्या मध्यभागी तुम्ही आणि ती पिशवी असाल, परतीचा प्रवास नसेल. त्यात त्याला रस वाटला तर पुढे बोला. करारात दोन कलमं वकिलाकडून तपासून घ्या: अंतिम कटचा अधिकार कोणाचा, आणि कच्च्या फुटेजची मालकी कोणाची. हे ११ तास कुठल्याही परिस्थितीत कंपनीच्या मालकीचे करू नका. या क्षेत्रातली पहिली मोठी संधी आलेली मुलं-मुली इथेच फसतात. पैशांचा आकडा नीट वाचतात, आणि फुटेजचं कलम पान ९ वर असतं.

पैसे फक्त निर्मात्याकडूनच येतात असंही नाही. ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाचा बर्था फंड खास माहितीपटांना मदत करतो. बर्लिन महोत्सवाचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून आहे, रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड त्याहून जुना. त्यांच्याकडे पात्र देशांच्या याद्या असतात, मुदती असतात, काही ठिकाणी सहनिर्माता लागतो. ते त्या त्या वर्षीच्या नियमांत वाचा. हे सगळे जण दिग्दर्शकाचं निवेदन मागतात आणि त्यातच बहुतेक अर्ज पडतात, कारण लोक युद्धाचा इतिहास लिहितात. इतिहास त्यांना माहीत असतो. तुम्ही दारात उभ्या राहून काय पाहत होतात ते लिहा.

करिअरबद्दलच्या तुमच्या भीतीला मी उशिरा हात घालतेय, पण ती मला खरी वाटते. 'युद्ध, निर्वासन, ओळख करणारी बाई' असा शिक्का बसेल, आणि तो बसला नाही तर आपण कोणीच नसू, या दोन्ही भीती तुम्ही एकाच परिच्छेदात लिहिल्यात. दिग्दर्शक रिथी पान्ह यांच्याकडे पाहा. १९६४ साली कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये जन्म. १९७५ मध्ये ख्मेर रूज ही जुलमी कम्युनिस्ट राजवट आली, शहर रिकामं केलं गेलं, पुढच्या चार वर्षांत आईवडील आणि घरातली बरीच माणसं गेली. १९७९ मध्ये हा मुलगा थायलंडच्या छावणीत पोचला, तिथून फ्रान्समध्ये, आणि तिथे चित्रपट शिकला. एवढं सगळं स्वतः भोगलेल्या माणसानं पहिला माहितीपट केला तो १९८९ मध्ये, निर्वासित छावणीतल्या दुसऱ्याच एका कुटुंबावर. मग कथापट केले. २००३ मध्ये त्या राजवटीच्या एस-२१ तुरुंगावरचा माहितीपट केला, ज्यात तिथले जुने पहारेकरी रिकाम्या कोठड्यांमध्ये आपली तेव्हाची रोजची कामं पुन्हा करून दाखवतात. स्वतःच्या बालपणाची गोष्ट त्यांनी पडद्यावर आणली ती २०१३ मध्ये, 'द मिसिंग पिक्चर'मध्ये. त्या काळाचं जे चित्रण शिल्लक होतं ते राजवटीनंच आपल्या प्रचारासाठी केलेलं. घरच्यांची चित्रं नव्हतीच. म्हणून मातीच्या बाहुल्या केल्या, रंगवल्या, आणि त्यांच्यातून ती वर्षं उभी केली.

१९८९ ते २०१३. चोवीस वर्षं ते गप्प बसले नव्हते. काम करत होते, दुसऱ्यांच्या गोष्टींमधून आपल्या गोष्टीपर्यंत जायची वाट तयार करत होते. मध्येच २००६ मध्ये नॉम पेन्हमध्ये बोफाना केंद्र सुरू झालं, त्यात ते पुढाकारानं होते. देशाची विखुरलेली चित्रं आणि ध्वनिमुद्रणं तिथे जमवली जातात, तरुणांना शिकवलं जातं. चित्रपट करणाऱ्याचं काम चित्रपटापुरतंच असतं असं नाही. तुम्हाला बत्तिसाव्या वर्षी घरची गोष्ट पूर्ण लांबीत सांगता आली नाही, तर उशीर झाला असं कोणी ठरवलं?

शिक्क्याचं म्हणाल तर दिग्दर्शक ॲटम एगोयान यांची वाट वेगळी आहे. १९६० मध्ये कैरोत, आर्मेनियन घरात जन्म, वाढले कॅनडात. आर्मेनियन संहारावर थेट चित्रपट, 'अरारात', त्यांनी केला २००२ मध्ये. त्याआधी १९९७ मध्ये ज्या चित्रपटासाठी त्यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन मिळालं, 'द स्वीट हिअरआफ्टर', त्यात ना युद्ध आहे ना निर्वासन. एका गावातली शाळेची बस अपघातात सापडते आणि मागे उरलेले लोक आपसात काय बोलतात, काय लपवतात, याची ती गोष्ट. पण सर्वनाशानंतर जगणारी वस्ती, आणि खरं काय घडलं यावरून तुटलेली माणसं, ही त्यांची नेहमीचीच नजर तिथे आहे. विषय बदलला तरी नजर सोबत जाते, ती सोडून यायची म्हटलं तरी सुटत नाही.

आणि म्हणून ती मालिका घ्या. हे मी तुमच्या मित्रांच्या मताविरुद्ध सांगतेय, मला कल्पना आहे. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक १९२५ मध्ये ढाक्यात जन्मले, फाळणीनं त्यांची जन्मभूमी परदेश झाली, आणि ती जखम त्यांनी आयुष्यभर पडद्यावर धरून ठेवली. 'कोमल गांधार'मध्ये पद्मा नदीच्या काठी रेल्वेचे रूळ संपतात, पलीकडे आता दुसरा देश. कॅमेरा रुळांवरून सुसाट जातो, अडथळ्यावर आदळतो आणि पडदा काळा होतो. तो शॉट ज्यानं पाहिलाय तो विसरत नाही. त्याच घटकांनी १९५८ च्या 'मधुमती'ची कथा लिहिली आहे. हो, पुनर्जन्माची, गाण्यांची, बिमल रॉय यांची 'मधुमती'. त्यानंतर दोनच वर्षांनी 'मेघे ढाका तारा' आला. प्रेमकथा लिहिल्यानं त्यांची धार गेली नाही.

घटकांच्या हालांचं मात्र गौरवीकरण करू नका, आपल्याकडे ती एक वाईट खोड आहे. ते ५० व्या वर्षी गेले, पैशाची ओढाताण आणि दारू यांनी पोखरलेले. कलावंतानं उपाशी राहिलं म्हणजे काम खरं होतं, असं मानणाऱ्यांना त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं ते दिसत नाही. माहितीपटात चार-पाच वर्षं सहज जातात. तेवढा काळ घरभाडं कुठून येणार, हा प्रश्न विचारणारी दिग्दर्शिका कमी प्रामाणिक ठरत नाही. मालिकेच्या त्या तीन भागांत तुम्हाला नटांबरोबर काम करायला मिळेल, दिवसाला ठरलेली पानं संपवायची शिस्त लागेल, आणि प्रेमात पडलेल्या माणसाचं गप्प बसणं कसं चित्रित करायचं तेही कळेल. ते बाबांच्या गप्प बसण्यापेक्षा फार वेगळं नसतं. फक्त करारात तारखा पक्क्या असू द्या. आणि त्या मानधनातून एक रक्कम आजच बाजूला काढा: भाषांतरासाठी.

कारण अर्ध्यामुर्ध्या भाषेवर हा चित्रपट उभा राहणार नाही. ११ तासांत बाबा मधूनच आपल्या भाषेत शिरतात असं तुम्ही लिहिलंय, आणि तिथे तुम्हाला "साधारण" कळतं. साधारण कळून चालणार नाही. ती भाषा मातृभाषा असलेला, तुमच्या नात्यात नसलेला माणूस शोधा. त्याच्याकडून शब्दन् शब्द उतरवून घ्या, वेळेच्या नोंदींसह. बाबांना पुढे चित्रपट नको असला तरी हे करा, कुटुंबासाठी म्हणून, अर्थात त्यांना विचारूनच. शक्य असेल तर ती भाषा स्वतः शिका, आणि बाबांकडून शिका. कॅमेऱ्यासमोर न बोलणारा माणूस मुलीला क्रियापदं शिकवताना किती बोलतो ते बघा. ते मात्र रेकॉर्ड करू नका.

आणखी एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. ते ११ तास तुम्ही रात्री हेडफोन लावून ऐकता, आणि मग झोप लागत नाही असं पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. असं ऐकू नका. संकलक म्हणून सांगते, साक्षीचा आवाज कानात थेट गेला की तो शरीरात राहतो. दिवसा ऐका, स्पीकरवर ऐका, तासाभरानं उठा. चित्राचीच जुळवणी चालू असेल तेव्हा आवाज बंद ठेवा. झोप गेलीच असेल तर समुपदेशकाकडे जा. हे काम करणाऱ्या कित्येक जणांना त्याची गरज पडते.

सध्या एवढंच करा. ११ तासांच्या तीन प्रती काढा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात. प्रत्येकीवर तारीख आणि 'मालकी: बाबा' असं लिहा. त्यांतली एक बाबांच्या हातात द्या. म्हणा, हे तुमचं आहे, मी यातलं काही तुम्हाला विचारल्याशिवाय वापरणार नाही. मग ती प्रत कुठे ठेवायची ते त्यांना ठरवू द्या. ते ती कपाटात ठेवतील, नाहीतर खुंटीवरची निळी पिशवी खाली घेऊन तिची चेन उघडतील. तेव्हा तुम्ही दारात उभ्या असाल, तर कॅमेरा नसू द्या.